मामाची जबड्याची परीक्षा

“इंग्रजी शाळेतल्या पोरीला आपली भाकरी कशी गोड लागंल?” मामा आत मामीला सांगत होता. मी पडवीत बसून ऐकत होते.

माणसाची पारख जबड्यावरून करणारा माझ्या मामासारखा माणूस साऱ्या दिंडोरी तालुक्यात दुसरा नसेल. शिक्षण, पगार, स्वभाव, हे सगळं नंतर. मावसबहिणीला बघायला आलेल्या इंजिनियरने पेरू कापायला सुरी मागितली, तेव्हा मामाने जागीच निकाल दिला, “जो पेरूला भितो, तो संसार काय करील?” लग्न झालं, पण त्या जावयाला अजून दर दिवाळीला सगळ्यांसमोर दाताने ऊस सोलून दाखवावा लागतो. मामा स्वतः सुपारी दाढेखाली अशी फोडतो, की अंगणातलं झोपलेलं कुत्रं उठून बसतं.

अशा घरी मी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आले होते, आणि तीही बिघडलेला जबडा घेऊन. अभ्यास करताना दात आवळून धरायची सवय लागली होती. त्यामुळे उजव्या कानाजवळ दुखायचं आणि तोंड उघडलं की ‘कट’ वाजायचं. नाशिकला गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, या वयात होतं असं, सांध्याला आराम दे, मऊ खा, मोठी जांभई देऊ नकोस. पण हे मामाला सांगणं म्हणजे तालमीत जाऊन सर्दीची तक्रार करणं. मी दुखणं लपवलं. मामाच्या द्राक्षबागेत एप्रिल छाटणी चालली होती. तिथे मला जांभई आली, तर मामा वळून मजुरांना विचारू लागला, कोणाची कात्री अडकतेय म्हणून.

जेवताना मात्र चतकोर भाकरी मला अर्धा तास पुरायची. मामा नुसता बघायचा.

पडवीतलं ते ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर नाशिकला जाऊन पाव, जॅम आणि लोणी घेऊन आला. एरवी पाहुण्यांसाठीच निघणारी काचेची बशी त्याने माझ्यापुढे ठेवली.

“घ्या,” तो म्हणाला.

जन्मापासून मला ‘ए भवाने’ म्हणून हाक मारणारा मामा मला ‘घ्या’ म्हणत होता. समोर बसला होता, आणि तोंडात काही नसताना त्याचा जबडा हलत होता.

“मामा,” मी म्हणाले, “मला भाकरीच आवडते. जबडा दुखतो रे, चावताच येत नाही. दुधात कुस्करून दे ना.”