मामीचा नसलेला भाचा

ट्रेनिंग कॉलेज पास होऊन मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा वडील जाऊन बराच काळ लोटला होता. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा गिरणीच्या ऑफिसात कारकून. आमचं मूळ गाव वेळापूरच्या बाजूला, आणि तिकडच्या भाऊबंदांनी माझ्या लग्नाची आशा केव्हाच सोडली होती. "तेवीस वर्सांची घोडी, त्यात मास्तरीण. हिला कोण करून घेणार?" असं चुलत्यांनी आईला तोंडावर ऐकवलं. त्या दिवशी आई ताटावरून उठली ती जेवलीच नाही.

मला लग्न नको होतं असं मुळीच नाही. हवं होतं. फक्त शाळा सोडायची नव्हती आणि फसायचं नव्हतं. कॉलेजातली माझी एक मैत्रीण फसली होती. मुलगा वकिलीचा अभ्यास करतो म्हणून तिला दिली, आणि उंबरठा ओलांडल्यावर कळलं की तो एका वकिलाची कागदपत्रं कोर्टात पोचवतो. लोक हसले. ती हसली नाही.

आमच्याकडे लग्न जुळवणारी दोन माणसं येत. एक गृहस्थ जरीचा फेटा बांधणारे, बोलायला मधासारखे. बशीत चहा ओतून फुंकर घालीत आणि दर घोटागणिक एखाद्या घराण्याची थोरवी सांगत. दुसरी दुधनीकडची एक म्हातारी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची, आल्याआल्या पाय पसरून बसायची आणि आमच्या चटणीत मीठ कमी आहे हे पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली. दादाचं मत अर्थातच फेट्याकडे होतं.

त्या गृहस्थांनी अकलूजकडचं स्थळ आणलं. पाटाच्या पाण्याची जमीन, ऊस, एकुलता एक मुलगा, स्वभावाने देवमाणूस. दादा हरखून गेला. "असं स्थळ पुन्हा येणार नाही. होकार कळवतो," तो म्हणाला.

"पण त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंय?" मी विचारलं.

"काय सांगणार? जे आहे ते."

रात्रभर माझ्या डोक्यात तोच विचार. जो माणूस तिकडचं एवढं गोड आपल्याला सांगतो, तो आपलं तिकडे कसं सांगत असेल? आपल्याविषयीचं खरं आपल्याला ठाऊक असतं. मग परीक्षा तिथेच घ्यावी.

आमच्या चाळीच्या पलीकडे एक बाई राहत, आमच्याच जातीच्या आणि आमच्याच तालुक्यातल्या. आम्ही त्यांना मामी म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं, भाचाही नव्हता. मी त्यांना म्हटलं, "मामी, एका दिवसापुरता एक भाचा जन्माला घाला. त्याला मुलगी बघायचीय म्हणून त्या गृहस्थांना बोलवा आणि शाळेत शिकवणारी कुणी असेल तर सांगा म्हणावं."

मामी आधी घाबरल्या, मग इतक्या रंगल्या की भाच्याला त्यांनी मिशासुद्धा दिल्या.

ठरल्या दिवशी मी दादाला काही न सांगता मामीच्या आतल्या खोलीत नेऊन बसवलं. मध्ये नुसता पडदा. गृहस्थ आले, चहाची बशी हातात घेऊन बसले आणि मामीने विचारताच म्हणाले, "आहे ना! तुमच्यासाठीच देवाने घडवल्यासारखी. गिरणीतल्या कारकुनाची बहीण. वय सतरा. रंग केतकीचा. पेटी अशी वाजवते की ऐकत राहावं. शाळेचं म्हणाल तर जरा हौस म्हणून जाते. लग्न ठरलं की दुसऱ्या दिवशी सोडणार. शब्द दिलाय तिने मला."

मी सावळी. पेटीला मी आयुष्यात हात लावला नव्हता. दादाकडे पाहिलं तर त्याचे कान लाल झाले होते. पडदा सारून तो बाहेर गेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बहिणीने तुम्हाला शब्द कधी दिला?"

गृहस्थांच्या हातातली बशी कलंडली. "अहो, चार चांगले शब्द बोलल्याशिवाय लग्नं जुळतात होय? मुलीच्या भल्यासाठीच..."

"मग तो अकलूजचा देवमाणूस?"

गृहस्थ फेटा सावरत उठले आणि वहाणा नीट न घालताच जिन्याकडे निघाले. तो मुलगा खरोखर कसा होता ते मला कधीच कळलं नाही. कदाचित चांगलाही असेल. पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ताच खोटा होता.

दादा माझ्याबरोबर घरी आला. दारात थांबून म्हणाला, "त्या म्हातारीलाही बोलाव. तिचंही ऐकू."

ती आली तेव्हा दादा ऑफिसात होता, म्हणून तिच्या वेळी मी एकटीच आत बसले होते. म्हातारीने मामीचं सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाली, "हाय एक. सावळी हाय. वय तेवीस, कमी सांगनार न्हाय. साळंत शिकिवती आनि साळा सोडनार न्हाय म्हंती. बोलाय लागली की समोरच्याला उत्तर सुचत न्हाय. पन पोरगी सरळ हाय. कुनाचं खोटं चालवून घेनार न्हाय. तुमच्या भाच्याला झेपत असंल तर बोला, न्हायतर आताच सांगा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोललं नव्हतं.

एवढ्यात म्हातारीने पान तोंडात टाकलं आणि विचारलं, "भाचा कुटं असतो म्हनालात?"

"पुण्याला," मामी म्हणाल्या.

"मगाशी बार्शीला हुता की!"

मामी गोंधळल्या. मला हसू आवरेना. मी पडदा बाजूला केला. म्हातारीने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"मला तपासत हुतीस व्हय?"

"हो, आजी."

तिने पानाचा डबा मिटून कनवटीला लावला. मी मनात म्हटलं, गेली ही. मग तिने मांडीवर थाप मारली. "हौदु, व्हय! बरं केलंस. समद्या पोरींनी असंच कराय पायजे. बस हितं. आता तुला खरं स्थळ सांगते. तुज्या दादाला मागनं सांगू, आदी तू ऐक."

गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर असलेला एक माणूस तिच्या पाहण्यात होता. नेमणूक सोलापुरात. "पन अर्धा महिना मेंढरांच्या मागं सांगोल्याकडं फिरतो," ती म्हणाली. "कपड्याला लोकरीचा वास येतो, धुतला तरी जात न्हाय. आनि बोलताना अडखळतो. घाबरला की लईच. आई हाय, ती तापट हाय. पन पोरगा दारूला शिवत न्हाय आनि जनावराला मारत न्हाय. त्यालाबी तुजं समदं असंच सांगीन."

तो बघायला आला तेव्हा दादा, आई, वहिनी सगळे ओळीने बसले होते. म्हातारी दाराशी. मी पोहे घेऊन आले आणि खाली बसले. दादाने त्याला नोकरीचं विचारलं. तो "ज-ज-जनावरांच्या" एवढ्यावर थांबला. वहिनीने पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडे असं पाहिलं की पदर खाली आला. मग आम्ही सगळे थांबलो, आणि तो सावकाश ते वाक्य पूर्ण करून मोकळा झाला.

"तुम्हाला काही विचारायचंय?" दादाने त्याला म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "शाळा... सोडणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं, जरा ठसक्यातच.

"सो-सोडू नका. आजींनी सांगितलंय, तुम्ही उलट बोलता. बोला. मला तेवढं पटकन जमत नाही. घरात कुणीतरी बोलणारं हवं."

आई हसली. वडील गेल्यापासून मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. दादा माझ्याकडे बघत होता. होकार कळवतो असं या वेळी तो म्हणाला नाही. म्हणाला, "तू सांग."

"मला पसंत आहेत," मी सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या घराण्यात मुलीच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं असावं.

लग्न बाळीवेशीतल्या एका मंगल कार्यालयात झालं. चुलते आले, त्यांनी जेवणावळीत दोनदा गव्हाची गोड हुग्गी मागून घेतली. माझ्या वर्गातल्या मुली रांग करून आल्या आणि अक्षता टाकायच्या ऐवजी त्यांनी आधीच खाऊन टाकल्या. सासूबाईंनी तिथेच एकीला दटावलं. खरंच तापट होत्या. काही खोटं निघालं नाही. म्हातारी पहिल्या पंक्तीला पाय पसरून बसली होती आणि दादा स्वतः तिला वाढत होता.

सोमवारी मी हिरवा चुडा भरलेल्या हातांनी शाळेत गेले. नवरा सायकल धरून फाटकापर्यंत चालत आला. बाजारातल्या बायका थांबून बघत होत्या. बघू दे म्हटलं. वर्गात पाऊल टाकलं तशा सगळ्या मुली उभ्या राहिल्या आणि कुणी सांगितलं नसताना टाळ्या वाजवायला लागल्या. मुख्याध्यापिका काय गलका आहे म्हणून धावत आल्या, दारात थांबल्या, आणि त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या. मग मी खडू उचलला आणि फळ्यावर त्या दिवशीचं गणित मांडलं.