आटलेल्या तळ्याकाठी

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्याच्या सुट्टीत मी बोलिव्हियाला गेले. सोलापुरात मी शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. आईचं दुखणं लांबत गेलं आणि संपलं तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. तिच्या उशाशी बसून मी मोबाईलवर स्पॅनिश शिकायचे, हळू आवाजात वाक्यं म्हणायचे. ती डोळे मिटूनच विचारायची, "कुणाशी बोलतीस गं?"

"कुणाशी नाही."

"मग मोठ्यानं बोल की. घरात आवाज तरी हुईल."

पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "अक्का, सुट्टीत आमच्याकडे ये." मी कुठं निघालेय ते त्याला सांगितलं. मग म्हणाला, "कुणाबरोबर?" एकटीच, म्हटलं.

ला पाझ शहरात उतरले आणि उंचीवरच्या विरळ हवेनं डोकं धरलं. लॉजच्या खोलीत पडून राहिले. खाली जेवणघरात तरुण पोरं-पोरी मिठाच्या पांढऱ्या मैदानाच्या सहली ठरवत होती. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही येणार का? मी नाही म्हणाले. शाळेतल्या नकाशावर त्या देशाच्या पश्चिमेला एक निळं तळं आहे. वर्षानुवर्षं मी त्यावर पट्टी टेकवून मुलांना दाखवलं होतं. ते आटलं, असं एकदा वाचलं होतं. नकाशावर मात्र ते अजून निळंच आहे. मला ते बघायचं होतं. आटलेलं तळं काय बघायचं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आधी मोठी बस, मग एक छोटी गाडी. वाटेत लोक उतरत गेले. शेवटी ड्रायव्हर आणि मीच उरलो. त्यानं मला एका फाट्यावर सोडलं, समोर बोट दाखवलं आणि धूळ उडवत निघून गेला. गाडीचा आवाज थांबल्यावर फक्त वारा राहिला. सोलापुरात त्या दिवसांत अंगाची लाही होत असते; इथं थंडीनं कान दुखत होते. पहिल्यांदाच वाटलं, आता मला इथं काही झालं, तर कुणाला कळायलासुद्धा किती वेळ लागेल!

मातीच्या गोल घरांची छोटी वस्ती होती. बहुतेक घरांना कुलपं. एका दारात माझ्याच वयाची बाई टोपी घालून बटाटे निवडत बसली होती. कुत्रं भुंकलं तशी तिनं मान वर केली.

"रस्ता चुकलीस?" तिनं विचारलं.

"नाही. तळं बघायला आले."

ती हसली. "उशीर केलास."

तिनं आत नेऊन गरम सूप दिलं. मी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. भाकरी मोडून सुपात टाकली, तसं तिनंही केलं. चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. नवरा? नाही. मुलं? नाहीत. आई? आत्ताच गेली. तिनं मान हलवली, बिचारी वगैरे काही म्हणाली नाही. तिचा नवरा दूर मिठाच्या कामावर होता, मुली शहरात. पूर्वी सगळी वस्ती मासेमारीवर जगायची, ती म्हणाली.

दुपारी ती मला तळ्याकडे घेऊन गेली. भेगाळलेली जमीन, वर मिठाची पांढरी साय, आणि त्यावर कलंडलेल्या होड्या. ती एका होडीवर हात ठेवून उभी राहिली. "ही आमची."

मला आईचं माहेर आठवलं. ते उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की आई आम्हाला तिथं न्यायची. चिखलातून चालत एका जागी थांबायची आणि म्हणायची, "हितं चूल हुती आमची. आन् तितं म्हस बांधायचे." आम्हाला दगडांशिवाय काही दिसायचं नाही. मी आणि भाऊ ऊन लागतंय म्हणून कुरकुरायचो.

माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये मी ते तिला सांगितलं. आईचं गाव पाण्यात बुडालं. माणसं उठून दुसरीकडे गेली. वाटलं, तिला आमचं दुःख एकच आहे असं वाटेल. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तिथं मासे आहेत?"

"आहेत. पुष्कळ."

"मग?" ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.

मी तिथंच उभी राहिले. आईच्या गावाबद्दल इतकं कधी कुणाशी बोलले नव्हते. आणि बोलले, तर असं झालं. रडू आलं, पण त्या वाऱ्यात ते ऐकायला कुणी नव्हतं. मग तीच लांबून ओरडली, "चल, थंडी वाढेल!"

परतीची गाडी त्या दिवशी आली नाही. तिनं तिच्या मुलीच्या खाटेवर मला झोपायला जागा दिली, अंगावर एकावर एक घोंगड्या टाकल्या. सकाळी केस विंचरताना म्हणाली, "राहा अजून. बटाटे वाळवायचे आहेत. दोघी असलो तर बरं."

राहायला हरकत नव्हती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. तरी तोंडून आलं, "तिकीट काढलंय." सवयच ती, कुणाला त्रास नको म्हणून लगेच उठायची. तिनं आग्रह केला नाही. फाट्यापर्यंत सोबत आली, माझ्या मोबाईलवरून मुलीला फोन लावून काहीतरी बोलली आणि गाडी दिसायच्या आतच मागं वळून निघून गेली.

सोलापुरात आल्यावर शिक्षकांच्या खोलीत फोटो दाखवले. "मिठाचं मैदान कुठाय?" एकीनं विचारलं. गेले नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन?" भावानं फोनवर विचारलं, "बरं वाटलं का तिकडं?" मी हो म्हणाले. खरं काय ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी अनोळखी लांबलचक नंबरावरून फोन आला. आधी तिची मुलगी बोलली, मग ती. दोघींकडे शब्द थोडे. कुत्रं कसं आहे, थंडी आहे का, एवढं झालं. तिच्याकडचा वारा ऐकू येत होता.

मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

मला स्पॅनिश आठवेना. "व्हय, जेवले," मी मराठीतच म्हणाले. खरं तर अजून जेवायला काहीच केलेलं नव्हतं. ती "बरं, बरं" असं काहीतरी म्हणाली आणि फोन तुटला. परत लावून पाहिला, लागला नाही. मी उठले आणि एका माणसापुरतं पीठ काढलं.