पहिला नंबर कोणत्या कॉलेजला?

मेडिकलचा फॉर्म लॉक करायला एकच दिवस उरला होता आणि मी अप्पांसोबत उदगीरहून नांदेडच्या एसटीत बसले होते… लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच वर्षीची गोष्ट.

मार्क बरे होते. अंदाजानं मुंबईही मिळत होती आणि नांदेडही. लातूरला मात्र आईनं आधीच काट मारली होती. "क्लासपायी दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर काढलीस, पुरे आता."

क्लासचे सर म्हणत होते, मुंबई सोडू नको. मावशी म्हणत होती, मुलगी जवळ असलेली बरी. अप्पांच्या किराणा दुकानात साबण घ्यायला आलेला माणूससुद्धा सल्ला देऊन जायचा… मी दिवसातून चार वेळा फॉर्ममधला कॉलेजांचा क्रम बदलायचे. एकदा लॉक केलं की संपलं, या विचारानं जेवण जात नव्हतं.

अप्पा तेवढे गप्प होते. एसटीत एकदाच म्हणाले, "उदगीर जिल्हा झाला तर मोठा दवाखाना होईल म्हणतेत." मग खिडकीबाहेरची कोरडी रानं बघत स्वतःच म्हणाले, "लई वर्षं ऐकून राहिलो तेबी."

नांदेडला उतरल्यावर मला कॉलेजचं हॉस्टेल बघायचं होतं. अप्पा म्हणाले, "आधी दवाखाना बघू. शिकायचं तर तिथंच हाय ना." म्हणून आम्ही ओपीडीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. गर्दी, फिनाईलचा वास, रडणारी लेकरं… मुंबईच पहिली टाकायची, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर दारात आले. "कन्नड कोणाला येतं का इथं?"

आमच्या घरी कन्नडच बोलतात. पण लातूरच्या क्लासमध्ये मुली हसायच्या, म्हणून मी अप्पांशी फोनवरही मराठीत बोलायला लागले होते. मी मान खाली घातली. अप्पा उठतील असं वाटलं… ते उठले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "जा."

आत देगलूरच्या पलीकडून, कर्नाटकच्या सीमेवरून आलेली एक म्हातारी पोट धरून बसली होती. तिचा मुलगा कुठल्याशा रांगेत उभा होता. "कधीपासून दुखतंय विचारलं की नीरु, नीरु म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "नीरु म्हणजे पाणी, म्हणून दिलं, तर पीतही नाहीत." भरलेला ग्लास टेबलावर तसाच होता.

मी तिच्याजवळ बसले. "अव्वा, एन आयतु?" आजी, काय झालं, एवढंच विचारलं.

तिनं माझा हात धरला आणि कानाशी तोंड आणून बोलत सुटली. गावात टँकर चार दिवसांनी येतो. नातवंडांना पुरावं म्हणून ती पाणी पीतच नाही, घोटभर कधीतरी. आता लघवीला आग होते, ताप येतो. हे मुलालाही सांगितलेलं नव्हतं… परक्या पुरुषासमोर कसं सांगणार?

मी खाली बघत डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भराभर लिहून घेतलं, लघवीची तपासणी सांगितली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, हे बरं होतं. पण पाणी प्यावंच लागेल." मी सांगितलं. अव्वानं ग्लास उचलला आणि सगळा संपवला.

मी बाहेर आले. अप्पांनी विचारलं, "काय झालं होतं तिला?" मी सांगत गेले… बसस्टँड येईपर्यंत कन्नडमध्येच.

दुसऱ्या दिवशी नेटकॅफेत पहिला नंबर नांदेडला टाकला. कॅफेवाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, नक्की ना?" मी अप्पांकडे बघितलं. अप्पाच म्हणाले, "हाव, कर लॉक."

भीती काही लगेच गेली नाही. मैत्रिणीनं मुंबईच्या कॉलेजचे फोटो पाठवले, तेव्हा मी रात्रीपर्यंत ते पुन्हापुन्हा उघडून बघत होते. आज स्वतः ओपीडीत बसते, तरी तेव्हा बरोबर ठरवलं की नाही, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही…

पण एका अनोळखी बाईनं मला, डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधी, स्वतःचं दुखणं विश्वासानं सांगितलं होतं. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.