काळ्या पायांचा माशीमार

जुईनगरच्या हौसेरावांना त्या सकाळी घरातून एकच ताकीद होती. पाहुण्यांसमोर पक्ष्यांचं नावही काढायचं नाही.

ताकीद देणारी त्यांची लेक तेजश्री, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मागच्या खेपेला मुलाकडचे बघायला आले, तेव्हा हौसेराव बाहेरची शीळ ऐकून दुर्बीण घेऊन जे उठले, ते थेट पाहुणे लिफ्टने उतरत असताना परतले. मार्केटातला कांद्याचा गाळा सोडल्यापासून त्यांना हाच उद्योग होता. "कांदा बरा होता, उडत तरी नव्हता," असं त्यांच्या पत्नी बाळाबाई म्हणत.

या वेळचा शिवतेज तेजश्रीच्या मनात भरला होता. म्हणून हौसेरावांनी दुर्बीण कपाटात कोंडली, किल्ली बाळाबाईंना दिली आणि बाल्कनीकडे पाठ करून बसले.

मुलाचे वडील उदयसिंह मात्र बाल्कनीकडे तोंड करून बसले होते. "बदामावर माशीमार बसलाय," ते म्हणाले. "तपकिरी छातीचा. आमच्या खांदेश्वरला कायम बघतो, माझी चूक व्हायची नाही."

हौसेरावांची मान आपोआप वळली. चिमणीहून लहान, मोठ्या डोळ्यांचा. तपकिरी छातीचा आणि साधा तपकिरी, दोघे दिसायला सारखे, कबूल. पण छातीच्याचे पाय फिकट, आणि तो दाट झुडपात खालीच वावरणार. हा तर उघड्या फांदीवरून माशी टिपून परत तिथंच येऊन बसत होता. पाय काळेकुट्ट. वर 'चर्र' करून बोलूनही दाखवलं त्याने. आता काय आधार कार्ड दाखवायचं?

लेकीचे डोळे त्यांच्यावरच होते. हौसेरावांनी पोह्यांचा घास कसाबसा गिळला.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "छातीचाच."

जन्मात कुणाला सडका कांदा चांगला म्हणून न विकलेल्या माणसाचा चेहरा एवढा पडला, की तेजश्रीला बघवेना. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"नाही काका. पाय बघा ना, काळे आहेत. आणि छातीचा असता तर इतक्या उघड्यावर बसलाच नसता. हा साधा तपकिरी. पप्पांना माहितेय, माझ्यासाठी गप्प बसलेत ते."

हेही स्थळ गेलं, असं हौसेरावांना वाटलं, आणि तरी लेकीचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

शिवतेजला हसू आवरेना. "बाबा, तुम्हाला तोंडावर सांगणारं आपल्या घरात कोणी नव्हतं," तो म्हणाला. "आता येईल."

उदयसिंह डोळे बारीक करून त्या पायांकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "इथून नीट दिसत नाही. दुर्बीण आहे का हो घरात?"

बाळाबाईंनी कमरेची किल्ली काढून नवऱ्याच्या हातात ठेवली.