काट्यावरचे अण्णा

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पिंजरे धुणं, दाणापाणी बघणं आणि रोज सकाळी एकेका उंदराला काट्यावर ठेवणं, हे तिचं काम. सध्या फ्लूचा प्रयोग चालू होता. विषाणू तोच, मात्राही तीच. पण तरुण उंदीर चार दिवस मलूल पडत आणि पुन्हा टणाटण उड्या मारू लागत. म्हातारे आधी ठणठणीत दिसत आणि मग, सगळं निभावलं असं वाटत असतानाच, त्यांचं वजन उतरू लागे. एकदा उतरलं की सावरणं कठीण.

त्यात घरी लेकीला फ्लू झाला. ती आठवड्याभरात उठून घर डोक्यावर घेऊ लागली आणि अण्णा, म्हणजे उंदीरताईचे वडील, खोकू लागले. ताप मात्र नाही. "मला काही होत नाही गं," ते म्हणाले. नेमकं हेच तिला ऐकायचं नव्हतं. बोलता येत असतं तर म्हातारे उंदीरही हेच म्हणाले असते.

तिचा जीव टांगणीला लागला. बाथरूममधला वजनकाटा तिने पुढच्या खोलीत आणला आणि कामावर निघण्याआधी ती अण्णांना रोज त्यावर उभं करू लागली. "बाजारात विकायचंय का मला?" ते म्हणत. पण आकडा जागचा हलत नव्हता. एखाद्या दिवशी तर किंचित वाढलेलाच असे. तो बघून ती निघे, अर्ध्या वाटेत पुन्हा चुटपुट लागे, पोचल्या पोचल्या फोन करी. डॉक्टरकडे न्यावं का? आकडा म्हणे, कशाला?

एका सकाळी काट्यावरून उतरताना अण्णांचा तोल गेला. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांचा जीव घुसमटतोय असं वाटून त्यांच्या अंगातला स्वेटर काढला. आत दुसरा स्वेटर. त्याच्या दोन्ही खिशांत जुनी पितळी कुलपं. अण्णांनी जन्मभर कुलपंच दुरुस्त केली होती.

"हे काय, अण्णा?"

"आकडा बघताना तुझा चेहरा..." त्यांना दम लागला. "मला बघवेना. म्हटलं, सुखाने कामाला तरी जाशील."

ती भडकली. "अक्कल गहाण ठेवलीत का तुम्ही?" असं बापाला बोलली आणि बोलता बोलता रडू लागली. इतकी वर्षं वजनं करण्यात गेली, पण उंदीर स्वेटर घालत नाहीत एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

टॅक्सी दारात आली. अण्णांना जिने उतरवेनात, म्हणून तिने त्यांना उचललं. शेजारी मदतीला धावले, पण कोणाचीच गरज लागली नाही.