तेलातली साय

जोयड्याला वीज यायच्या कितीतरी आधी आमची भाताची गिरणी होती. तिचं इंजिन चालायचं ते आता ज्याला डिझेल म्हणतात त्या तेलावर. पावसाळाभर गिरणी बंद असे आणि तेल पत्र्याच्या पिंपात पडून राही.

एका दिवाळीच्या सुमारास इंजिन सुरू केलं, तर ते आचके देऊन बंद पडलं. यजमानांनी तेलाची गाळणी उघडली. तिच्यावर तपकिरी, बुळबुळीत साय चिकटली होती.

"कुणीतरी शेण कालवलंय ह्यात," ते चिडून म्हणाले.

मी पिंपाच्या तळातलं थोडं बाटलीत घेतलं. खाली पाणी, वर तेल आणि दोहोंच्या मध्ये तीच साय. बूच लावून बाटली खिडकीत ठेवली. आठवडाभरात साय जाड झाली, तिला खाली धागे फुटले.

"अवो, हे वाढतंय. जित्तं हाय."

"तेलात कोण जगतंय गं?" असं म्हणत त्यांनी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही.

मग पिंप घासलं, तेल फडक्यातून गाळलं, तेव्हा इंजिन चाललं. साय पाण्याला लागूनच धरते हे बाटलीत दिसलं होतं, म्हणून पुढच्या पावसाळ्यात आम्ही दमट हवेनं पिंपाच्या तळाला साचणारं पाणी वरचेवर काढत राहिलो, आणि साय धरली नाही. पण नुसत्या तेलावर कुणी कसं जगत असेल, हे कुतूहल मला बरीच वर्षं पुरलं.