वासाच्या मोज्यांनाच प्रवेश

समस्त पेडणे तालुक्याच्या माहितीसाठी, आणि जमल्यास डिचोलीकरांनीही नोंद घ्यावी म्हणून, मी अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो की, ज्यांच्या मोज्यांना वास येत असे फक्त त्यांनाच मोज्यांसकट प्राध्यापिका मालिनी परब यांच्या घरात प्रवेश होता.

पहिल्या भेटीत मला हा नियम ठाऊक नव्हता. तुयेच्या कारखान्यातून सुटून, दिवसभर बुटात उकडलेले पाय घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. नमस्कार-चमत्कार नाही. बाईंनी थेट विचारलं, "मोज्यांना वास येतो?"

"छे!" मी छाती फुगवली. "खास नवे घेतलेत. चार दिवस घातले तरी येत नाही."

"मग ते तिथेच पायरीवर काढा. आणि माझ्या विहिरीवर पाय धुवायचे नाहीत!"

आत बसवून, चहा देऊन त्यांनी माझ्या मोज्यांचं चारित्र्यहनन केलं. त्या धाग्यांत म्हणे चांदीचे कण असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते वास आणणारे जंतू मारतात. मोजे धुतले की थोडे कण पाण्याबरोबर निघतात. गटारातून ओहोळात, ओहोळातून खाडीत. गोड्या पाण्यात तरंगत लांबवर जातात, खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की एकमेकांना चिकटून चिखलात बसतात. आणि त्या चिखलात कोण राहतं? तिसऱ्या! शिंपल्यांत राहून दिवसभर पाणी गाळून पोट भरणाऱ्या तिसऱ्या. बाईंचा जीव की प्राण. तिसऱ्यांचं सुकं समोर आलं की बाई रसायनशास्त्रसुद्धा विसरत.

डिचोलीकडच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतर सगळा गाव वर्ग समजून शिकवायला घेतला. मांद्र्याच्या किनाऱ्यावर अंगाला पांढरं मलम थापून उन्हात पडलेला पाहुणा दिसला की म्हणत, "हा पाण्यात उतरला की मलमातलं जस्त तिथेच ठेवून येणार." कुणी म्हटलं, "बाई, चांदी तर शुद्ध. बाळाला आपण चांदीच्या वाटीतून भरवतो," तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "वाटी वाटीसारखी वागते. तिचा कण केला की तो कणासारखा वागतो. वस्तू लहान झाली की तिचा स्वभाव बदलतो हो!"

बाई आता नाहीत. मोजे बाजारात आहेत, आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

पण मला सांगायचंय ते बाई असतानाचं, तळीचं. जत्रा तोंडावर आली आणि देवळाची तळी शेवाळाने हिरवीगार होऊन घमघमू लागली. देवस्थानचे अध्यक्ष दामूबाब, एकेकाळी खनिजाचे ट्रक पळवणारे आणि आता गेस्ट हाऊस चालवणारे, कुणा एजंटाकडून कॅन घेऊन आले. आत 'नॅनो चांदी'. तळीत ओतली की पाणी आरशासारखं. गाव हरखला. देवीच्या तळीत चांदी! यापरतं पुण्य कुठलं?

बाईंचा रंग उडाला. तळीचं पाणी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतात जातं, तिथून खाडीत. "शेवाळ मरेल, त्याबरोबर चिखलातले उपयोगी जंतूही मरतील. पुढे काय होईल ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणूनच ओतू नका!" असं त्या घरोघर सांगत फिरल्या. बाईंनाच ठाऊक नाही तर गावाने का घाबरावं, म्हणून दामूबाब हसले. "बाय, तुकाच खबर ना, मगे आमकां कित्याक भियेयता?"

शेवटी गावाने आपली नेहमीची वाट धरली : देवीला कौल लावायचा. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न बाईंनीच सांगावा असं ठरलं. बाई उभ्या राहिल्या. "कणांचा आकार, त्यावरचा लेप, पाण्याचा खारेपणा आणि चिखलातला पालापाचोळा लक्षात घेता, जर..."

"बाय," गुरव कळवळून म्हणाला, "इतक्या प्रश्नाक पाकळ्यो पुरच्यो नात. घालूंचा काय ना, तितलांच सांग!"

'चांदी ओतायची का?' एवढाच प्रश्न गेला. खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायका खांबाला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. आणि टपकन डावी पाकळी पडली.

दामूबाबांनी हात जोडले. "देवीची इच्छा. कॅन परत धाडतां." बायकांनी बाईंना मिठीच मारली. तळी वाचली, खाडी वाचली, सुकं वाचलं. आता शहाण्या माणसाने नारळ फोडून घरी जावं की नाही?

बाई पुढे सरसावल्या. "थांबा! एका पाकळीवरून काही सिद्ध होत नाही. ती जास्त ओली असेल. शिवाय वर पंखा चालू आहे. पंखा बंद करा, पाकळ्यांच्या जागा बदला आणि पुन्हा लावा!"

दामूबाबांचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "लावया, लावया! बाय बरोबर सांगता!"

गुरवाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. पडलेली पाकळी उचलून बाईंच्या तळहातावर ठेवली, गाभाऱ्याचं दार धाडकन ओढून घेतलं आणि भर मंडपात ओरडला, "मालिनीबाय, देवी तुज्या बाजूची आसा गो! तूं कोणाच्या बाजूची?"